आडवी मान

जूनच्या पहिल्या रविवारी पेत्राकच्या अंगणात ज्याचे हात गोरे, तो घरचा नव्हे. कवच टणक होण्याआधी हिरवे अक्रोड सोलायचा तो दिवस. सालीचा रस बोटांत असा मुरतो की महिनाभर जात नाही. साबण लावा, लिंबू चोळा, नाहीतर देवाचं नाव घ्या. पेर्मेत गावात या दिवसांत नवरीचे हातसुद्धा काळे असतात आणि सासूबाई तेच बघून खूश होतात. ज्या घरात अक्रोडाचा मुरंबा नाही, त्या घरी पाहुण्यानं यावं तरी कशाला?

यंदा योर्गोचे हात गोरे होते. पेत्राकचा हा थोरला मुलगा सकाळी इटलीतल्या बारीहून आलेल्या बोटीतून दुर्रेस बंदरात उतरला, भाड्याची गाडी हाकत घरी आला, आणि फाटकावरची नवी पाटी वाचून जो खुर्चीत बसला तो बसलाच, सुरीला त्यानं हात लावला नाही. पाटीवर त्याच्याच मुलीच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘ऑलिंबीचं घर. पाहुण्यांसाठी खोल्या.’

“आईचं नाव,” तो म्हणाला. “मला एका शब्दानं विचारलंत?”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास,” एवजेनी म्हणाली. “म्हटलं, तुझा वेळ वाचवू.”

एवजेनी त्याची धाकटी बहीण. भाऊ इटलीला गेला तेव्हापासून म्हाताऱ्याचं दुखणंखुपणं, बागेचं पाणी आणि आईचं शेवटचं आजारपण तिनं एकटीनं निभावलं होतं. ते ती कधी बोलून दाखवत नसे. भाऊ आला की फक्त भांडी जरा जोरात ठेवायची.

“आणि तू गं?” योर्गो मुलीकडे वळला. “तुला एका उन्हाळ्यापुरतं आजोबांकडे पाठवलं होतं.”

“दोन उन्हाळे झाले, पप्पा,” दाफिना म्हणाली.

“येणार कोण आहे?”

“हॉलंडचं एक जोडपं. दुपारनंतर पोचतील. नदी बघायला येतायत.”

“नदी! आम्ही त्या नदीत पांघरुणं धुतली.”

“आता राष्ट्रीय उद्यान झालंय तिचं,” एवजेनी म्हणाली. “पांघरुणं घेऊन गेलास तर दंड करतील. ते बघायला चार देशांतून लोक येतात, आणि आपली पोरं जर्मनीला जातात. ही एक उलटी आलीय, तिला टिकू दे.”

“ते राहू दे. बाबांनी होकार दिलाय का?”

दाफिनानं मान वरखाली हलवली. एवजेनीनं कपाळाला हात लावला आणि कपाळावर चार काळी बोटं उमटली. “अगं बाई, कुठल्या देशातली मान हलवतेयस?”

आमच्या अल्बेनियात मान आडवी हलली की हो, आणि वरखाली झाली की नाही. उरलेलं जग नेमकं उलटं करतं, त्याला आम्ही काय करणार? बारीत जन्मलेल्या दाफिनाची मान अजून दोन्हीकडे जायची. सुरुवातीला तिनं बाजारात मान वरखाली केली की दुकानदार काढलेलं पनीर परत बरणीत टाकायचे. “तुझ्या मानेलाही दोन पासपोर्ट आहेत,” म्हणून तिला चिडवायचे.

“बारीतली,” दाफिना ओशाळून म्हणाली. “म्हणजे मला हो म्हणायचं होतं. म्हणजे अगदी हो नाही. आजोबा ‘बघू’ म्हणाले.”

“बघू,” योर्गो म्हणाला. “आणि पाटी लागली.”

तिघांनी पेत्राककडे पाहिलं. ऐंशीचा म्हातारा तुतीच्या सावलीत बसून, एका अक्रोडाची साल एकाच लांब पट्टीत काढत होता. पट्टी तुटू नये एवढीच त्याला काळजी दिसत होती.

“बाबा,” एवजेनी म्हणाली, “आता सांगून टाका. येऊ देत ना पाहुणे?”

“आधी अक्रोड,” पेत्राक म्हणाला. “उन्हं चढली की साल चिवट होते.”

योर्गो हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. “दिलंच त्यांनी उत्तर. ज्या माणसानं एका परक्या बाईच्या प्रश्नापायी हद्दपारी भोगली, तो आता परक्यांच्या बॅगा उचलेल? विसरलात सगळे?”

कुणीच विसरलं नव्हतं. या घरात ती गोष्ट मीठमिरचीसारखी रोजच्या वापरातली होती.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जूनमध्ये परदेशी पाहुण्यांची एक बस पुलाजवळ बंद पडली. तेव्हा वर्षातून अशा दोनचारच बस यायच्या. आत मोजकी माणसं, बरोबर सरकारी दुभाषा, आणि गावकऱ्यांनी त्यांच्याशी बोलायचं नाही. पेत्राक नदीवर हात धुऊन येत होता, शेजारी नऊ वर्षांचा योर्गो होता. बसमधून उतरलेली एक सोनेरी केसांची बाई त्याचे काळे हात बघून हसली आणि पुस्तकातून पाठ केलेलं एकच वाक्य तिनं मोडक्या अल्बेनियनमध्ये विचारलं, “तुम्ही सुखी आहात का?”

आणि पेत्राकनं मान वरखाली हलवली.

पुढच्याच आठवड्यात दारात ट्रक उभा राहिला. गरोदर ऑलिंबी, योर्गो, दोन गाद्या आणि एक कढई घेऊन कुटुंब सखल भागातल्या दलदलीच्या गावी हद्दपार झालं, ते पक्षाची राजवट कोसळेपर्यंत तिथेच राहिलं. एवजेनी तिथल्याच पत्र्याच्या खोलीत जन्मली.

“अख्खा देश हो हो म्हणत होता,” योर्गो म्हणाला. “तेव्हा माझा बाप एकटा, भर दिवसा, पुलावर नाही म्हणाला. बारीत मी कामावर लागलो तेव्हा लोक आम्हाला बोटीवरून आलेली उपाशी जनावरं समजायचे. मी त्यांना हीच गोष्ट सांगायचो. मग ते मला बसायला खुर्ची द्यायचे.”

“बापाच्या मानेचा पुतळा केलास तू,” एवजेनी म्हणाली. “अरे, ते नाही म्हणालेच नव्हते! ती बाई परकी, म्हणून त्यांनी तिच्या पद्धतीनं हो म्हटलं. आदबीनं. बाबांना तू ओळखत नाहीस? हे मांजरालासुद्धा नाही म्हणत नाहीत.”

“मी तिथे होतो, एवजेनी. तू पोटात होतीस.”

“पोटातून मला जास्त दिसलं!”

दाफिना हसली. योर्गो हसला नाही. एक गोष्ट त्यानं बायकोलासुद्धा कधी सांगितली नव्हती. पुलावरच्या त्या प्रसंगानंतर शाळेत मास्तरांनी त्याला जवळ बोलावलं होतं, हातावर साखरेची गोळी ठेवली होती आणि गोड आवाजात विचारलं होतं, “काय रे योर्गो, त्या बाईला तुझे बाबा काय म्हणाले?” तो छाती फुगवून म्हणाला होता, “नाही म्हणाले.” कोपऱ्यात एक अनोळखी माणूस उभा होता, मास्तरांनी गोळी दिली तेव्हाही तो बघत होता आणि योर्गोनं उत्तर दिलं तेव्हाही. म्हणून तो ‘नाही’ शूराचाच असायला हवा होता. बाप चुकून, निव्वळ आदबीपायी मान हलवून बसला असेल, तर मग आईची ती सगळी वर्षं त्या चिखलात कुणाच्या शब्दानं गेली? हा प्रश्न आला की योर्गो आवाज चढवायचा.

“मी आजच परत जातो,” तो उठला. “दाफिना, सामान भर. ज्या दारातून आईला ट्रकमध्ये चढवलं, त्या दारात कॅमेरे लटकवलेली माणसं उभी करायची असतील तर मला बघायचं नाही.”

“मी नाही येणार, पप्पा.”

“मग काय करणार? ते आज येतील, फोटो काढतील, निघून जातील. तू या डोंगरात बसून राहशील.”

“आजोबा नको म्हणाले तर पाटी मी स्वतः काढीन आणि तुमच्याबरोबर येईन,” दाफिना म्हणाली. “पण ते म्हणू देत. तुम्ही त्यांच्या वतीनं म्हणू नका.”

हे ऐकून एवजेनीच्या हातातला अक्रोड निसटून पाटाखाली गेला. भाची येण्यापूर्वीचे हिवाळे तिला आठवले. संध्याकाळी चूल पेटवायची, बाप आगीकडे बघणार, ती बापाकडे, आणि रेडिओवरचा माणूस सांगणार की आपण लवकरच युरोपात जाणार. “मग आत्तापर्यंत कुठे होतो?” असं पेत्राक म्हणायचा, तेवढंच काय ते रोजचं बोलणं. दाफिनानं आल्या आल्या खिडक्यांना निळा रंग दिला, वरच्या खोल्यांतली जळमटं काढली, आजीच्या पेटाऱ्यातली विणलेली चादर अंथरली. घराला घरपण आलं होतं. एवजेनीला एकाएकी भावाची काळजी वाटेनाशी झाली. भीती वाटली ती आपण पुन्हा एकटं पडण्याची.

“योर्गो,” ती म्हणाली, आणि या वेळी भांडण नव्हतं तिच्या आवाजात. “हिला नेऊ नकोस रे. तुझं खरं, माझं खोटं. बाबा नाहीच म्हणाले होते. जा. पण हिला नेऊ नकोस.”

योर्गो उभाच राहिला. आयुष्यभर ज्या वादात ती तसूभर सरकली नव्हती तो तिनं असा टाकून दिला होता.

दाफिना मात्र कपाळाला आठ्या घालून आजोबांच्या मानेकडे बघत होती. “एक विचारू, आजोबा? आत्या म्हणते तुम्ही त्या बाईच्या पद्धतीनं हो म्हणालात. पण तुम्हाला त्यांची पद्धत माहीत कशी होती? माझी मान इथल्यासारखी हलायला वर्ष लागलं, आणि मी तर इथे राहत होते. तुम्ही तोवर एकही परका माणूस पाहिला नव्हता ना?”

हा प्रश्न इतक्या वर्षांत या घरात कुणी विचारला नव्हता. ज्यांची मान जन्मापासून एकाच बाजूला हलते, त्यांना तो पडणार तरी कसा?

पेत्राकच्या हातातली पट्टी तुटली. त्यानं तुटलेल्या सालीकडे जरा वेळ पाहिलं, सुरी पाटावर ठेवली.

“लाझारच्या घरी,” तो म्हणाला.

“लाझारमामा?” एवजेनी म्हणाली. लाझार म्हणजे ऑलिंबीचा भाऊ. वारून बरीच वर्षं झाली होती.

“त्याच्याकडे टीव्ही होता. डब्याचे पत्रे कापून त्यानं अँटेना केला होता. दारं लावून, वर पांघरूण टाकून आम्ही परदेशी सिनेमे बघायचो. एकदा एक लग्न लागत होतं, चर्चमध्ये. आपल्याकडे तेव्हा धर्मावर बंदी, चर्च म्हणजे गोदाम. पाद्री त्या पोरीला विचारतो, हा नवरा पसंत आहे का? तर पोरगी मान वरखाली करते. मी म्हटलं, अरेरे, भर मांडवात नाही म्हणाली बिचारी! आणि बघतो तर सगळे टाळ्या वाजवतायत, मुके घेतायत. लाझार हसून हसून पलंगावरून पडला. म्हणाला, गाढवा, त्यांच्यात ते हो असतं.”

पेत्राक स्वतःच हसला. मग थांबला.

“पुलावर त्या बाईनं विचारलं तेव्हा माझी मान आडवी निघालीच होती. पण वाटलं, ही उलटं समजेल. आपल्या गावात आलेली बाई चुकीचं उत्तर घेऊन घरी जाईल. म्हणून तिच्यासारखी हलवली.”

“म्हणजे मी म्हणत होते तेच!” एवजेनी म्हणाली, पण तिला जिंकल्याचा आनंद झाला नाही.

“मग हे सांगायचं होतंत ना त्यांना!” योर्गो ओरडला. “मी हो म्हणालो, त्यांच्या पद्धतीनं म्हणालो! एवढं वाक्य, बाबा! सुटलो असतो आपण!”

“पुढचा प्रश्न काय आला असता? त्यांची पद्धत तुला कुणी शिकवली? लाझारची तीन पोरं होती. परदेशी टीव्हीसाठी माणसं तुरुंगात जायची रे. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. शेवटी म्हटलं, हो, नाहीच म्हणालो.”

“लाझारमामासाठी?” योर्गोचा आवाज चिरकला. “जो एकदाही आम्हाला भेटायला आला नाही? आपण परत आल्यावरही रस्त्यात आई दिसली तर तोंड फिरवायचा, त्याच्यासाठी?”

“तिथे आला असता तर त्याच्यावरही संशय गेला असता, सगळं वाया गेलं असतं ना,” पेत्राक म्हणाला. “त्याला कधी कळलंच नाही. तुझ्या आईला ठाऊक होतं. ती म्हणायची, माझ्या भावाला माझ्यासमोर शिव्या देऊ नका, आणि त्याला कारणही सांगू नका.”

तुतीवर माश्या घोंघावत होत्या.

“आणि दुसरं म्हणजे,” पेत्राक योर्गोकडे न बघता म्हणाला, “त्यांनी मला सांगितलं, तुझा मुलगाच म्हणतो तू नाही म्हणालास. पोरगं खरं बोललं होतं. जे दिसलं तेच बोललं होतं. मी वर उलटं बोलून त्याला खोटं पाडू? नऊ वर्षांच्या पोराला?”

योर्गो मटकन खाली बसला, खुर्चीवर नाही, जमिनीवर, सालींच्या ढिगाशेजारी. “तुम्हाला माहीत होतं,” तो म्हणाला.

“तुझ्या खिशात गोळीचा कागद होता. आई कपडे धुताना म्हणाली, ही गोळी आपल्या दुकानातली नाही.”

एवजेनीला हे सगळं नवीन होतं. ती भावाकडे बघत राहिली. छप्पन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, इटालियन शर्टातला हा माणूस ओठ चावत होता आणि तिला पहिल्यांदाच तो आपल्याहून लहान वाटला. ती सरकत त्याच्याजवळ गेली आणि काळ्या हातानं तिनं त्याची मान धरली, शर्टाच्या कॉलरची पर्वा न करता.

“मग खरं उत्तर काय होतं, बाबा?” योर्गोनं विचारलं. “त्या राज्यात, त्या दिवसांत, तुम्ही हो म्हणालात. सुखी आहे म्हणालात. मी बारीत सगळ्यांना सांगत आलो...”

“राज्याचं तिनं विचारलंच नव्हतं रे,” पेत्राक म्हणाला. “तिनं माझं विचारलं. घरी ऑलिंबी पाक उकळत होती. ही पोटात होती. तू हात धरून चालत होतास, आणि दोघांचे हात काळे होते. मी होतो सुखी. खोटं कशाला सांगू?”

योर्गोनं डोळे पुसले. मग त्यानं सुरी उचलली, टोपलीतून एक अक्रोड घेतला आणि सोलायला लागला. वाईट सोलत होता. साल जाड निघत होती. एरवी एवजेनीनं टोमणा मारला असता. आज ती म्हणाली, “छान सोलतोयस.”

“खोटं बोलू नकोस,” तो म्हणाला. त्याची बोटं काळी होऊ लागली होती.

फाटकाबाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला तेव्हा अर्धी टोपली उरली होती. दाफिना ताडकन उठली, मग जागच्या जागी थबकली. पाटीचा निकाल अजून लागला नव्हता. तिनं आजोबांकडे पाहिलं. पेत्राकनं नुसतंच म्हटलं, “माणसं उन्हात उभी आहेत, पोरी. आत आण.” पाहुणा दारात आल्यावर कुठलाही पेर्मेतकर एवढं म्हणणारच, त्याला होकार म्हणत नाहीत.

हॉलंडचं जोडपं आत आलं. दोघंही उन्हानं लाल झालेली, पाठीवर बॅगा, चेहऱ्यावर चुकून कुणाच्या लग्नात शिरल्यासारखा संकोच. एवजेनीनं तबक आणलं: काचेच्या बशीत गेल्या वर्षीचा अक्रोडाचा मुरंबा, चमचा, थंड पाण्याचे ग्लास. बाईनं अख्खा काळा अक्रोड तोंडात टाकला आणि डोळे मिटले. नवऱ्यानं विचारलं, हे ऑलिव्ह आहे का? दाफिनानं हसू दाबलं.

मग बाईचं लक्ष सगळ्यांच्या हातांकडे गेलं. म्हाताऱ्याचे, एवजेनीचे, मुलीचे, खाली बसलेल्या टकल्या माणसाचे. तिनं फोन काढला, काहीतरी वाचलं, ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं. आणि पेत्राकसमोर वाकून, अडखळत, अल्बेनियनमध्ये विचारलं, “आम्ही आलो. तुम्ही आनंदी आहात का?”

योर्गोच्या हातातली सुरी थांबली. एवजेनीनं तबक छातीशी धरलं.

पेत्राकनं त्या बाईकडे पाहिलं. तिच्या पद्धतीची मान त्याला येत होती, कधीपासून येत होती. यावेळी त्यानं ती वापरली नाही. आडवी, सावकाश, इकडून तिकडे, त्याच्या बापाची आणि आज्याची हलायची तशी त्यानं मान हलवली.

बाईचा चेहरा पडला. नवऱ्यानं खाली ठेवलेल्या बॅगेचा पट्टा पुन्हा हातात घेतला. “सॉरी,” ती पुटपुटली आणि एक पाऊल मागे सरली.

“नाही, नाही! थांबा!” योर्गो सालींतून धडपडत उठला. दोन्ही काळे हात त्यानं त्या बाईसमोर आडवे धरले, इटालियन, इंग्रजी, जे तोंडात येईल ते बोलत. “हो म्हणतायत ते! आमच्याकडे असं केलं की हो! असं, हे बघा, असं!” तो स्वतःची मान जोरजोरात आडवी हलवू लागला. “माझे वडील आहेत. मी सांगतो ना. ते हो म्हणाले. हो म्हणाले!”

बाई क्षणभर गोंधळली, मग हसली, आणि तिनंही मान आडवी हलवून पाहिली. दाफिना रडत होती आणि हसतही होती.

योर्गोनं बाईची बॅग उचलली आणि जिना चढू लागला. तिच्या पांढऱ्या पट्ट्यावर त्याची चार बोटं काळी उमटली, ती कशानंही जाणार नव्हती. वर पोचेपर्यंत तो त्या पाहुण्यांना, मागून येणाऱ्या मुलीला, आणि जिन्यालाही तेच सांगत होता. खाली पेत्राकनं नवा अक्रोड घेतला आणि पट्टी तुटू न देता सोलायला लागला.